दीडशेवर अडलेला लिलाव

सुज्ञ वाचकहो, विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या रेशीमकोषांच्या बाजारात लिलावाचे यंत्र कसे अडले आणि चिक्कतायम्मांचा माल कसा वाचला, याचा यथार्थ वृत्तान्त मी येथे निवेदन करीत आहे. मी या कन्नड मुलखात बावीस वर्षे तारजोडणीचे काम करतो. शिक्षण सातवीपर्यंतच झाल्याने शब्द चुकल्यास क्षमा असावी.

सणामुळे बाजार दोन दिवस बंद होता. कोष पिकवणाऱ्या चिक्कतायम्मांचे साठ किलो कोष त्यामुळे घरीच थांबले होते. कोष वेळेत विकला न गेल्यास आतील पतंग तो फोडून बाहेर येतो, आणि फुटक्या कोषातून सलग सूत निघत नाही.

"परसण्णा, हलवून बघ," त्यांनी एक कोष माझ्या कानाशी धरला. "आतला जागा झालाय. आज गेला नाही तर उद्या मी फुलपाखरं विकू का?"

दहाची घंटा झाली. बोली लावणारे व्यापारी आपापल्या फोनवरून व कारकून आपापल्या संगणकाच्या पडद्यावरून लिलावाच्या यंत्रात शिरू लागले. पाच मिनिटांतच सर्वत्र एकच अक्षरे उमटली: जोडणी नाकारली.

आमचे अधीक्षक पुट्टस्वामी गरजले, "तार! तार बघ!"

मी शिडीवर चढून तार बदलली. मग त्यांच्या आज्ञेवरून तारा जोडण्याची पेटी बदलली. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. प्रत्येक वेळी दहा मिनिटे सुरळीत जात आणि पुन्हा तीच अक्षरे येत. तिसऱ्यांदा शिडीवर चढताना माझ्या मनात जे शब्द आले, ते येथे लिहिणे शोभणार नाही.

"अजून एकदा तार बघ."

"स्वामी, तार नवी आहे. आता फक्त मीच जुना उरलोय."

संगणक विभागाच्या हेमलता मॅडम यंत्राची नोंदवही वाचत होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला. "तार नाही हो! प्रत्येक माणूस आत आला की डेटाबेस त्याच्या दिमतीला एक प्रक्रिया उभी करतो. या नव्या यंत्रात मर्यादा दीडशेची आहे. दीडशे भरले की एकशे एकावन्नावा बाहेर. आणि मीसुद्धा बाहेर! किल्ली माझ्या हातात, आणि आत पाय ठेवायला जागा नाही."

"पण माणसे तर नव्वदच आहेत," मी म्हणालो.

त्या उठून कारकुनांकडे गेल्या. तेथे उलगडा झाला. एक पडदा अडला की कारकून तो बंद न करता शेजारी दुसरा उघडीत होते, मग तिसरा. व्यापाऱ्यांचेही तेच. अडलेला प्रत्येक पडदा आपली जागा अडवून बसला होता.

"बंद करा ते!"

"बोणीआधी?" कारकून दचकला. "मॅडम, आयुधपूजेनंतरचा पहिला दिवस. पहिली विक्री व्हायच्या आत दुकान मिटलं तर वर्षभर मिटलेलंच राहील."

"अरे, उघडं ठेवल्यामुळेच मिटलंय!"

कोणीही हलेना. बारा वाजले. चिक्कतायम्मांच्या ढिगावर एक ओला, पांढरा पतंग पंख वाळवीत बसलेला दिसला. त्यांनी तो बोटावर घेतला आणि नझीर साबांसमोर धरला. नझीर साब हे आमच्याकडील सर्वांत जुने व्यापारी.

नझीर साबांनी फोन खिशात टाकला. "यंत्र परवा आलं. बोणीचा शब्द माझ्या आजोबांच्या वेळचा आहे." त्यांनी ढिगावर हात ठेवून मोठ्याने पुकारले, "किलोला चारशे ऐंशी! पहिली बोली माझी. झाली बोणी. आता मिटा ती दुकानं!"

पडदे पटापट बंद झाले. जागा मोकळी होताच मॅडम आत शिरल्या. "जुन्या यंत्रात मर्यादा किती होती? त्याच्या कपाटावर कागद चिकटवलेला होता. कुठे गेला?"

माझी नजर जुन्या कपाटाकडे गेली. पूजेच्या आदल्या दिवशी त्या कागदावर चामुंडेश्वरीचे चित्र मीच चिकटवले होते. मी देवीची क्षमा मागून चित्र सोडवले. कागदावर चारशे हा आकडा होता.

"देवी तरी आकड्यावर बसून होती," मॅडम म्हणाल्या. "तू तर तारेवरच लटकलेलास."

त्यांनी मर्यादा चारशे केली. ती यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही, म्हणून तेही केले. या वेळी दहा मिनिटे गेली, वीस गेली, आणि जोडणी टिकली. नझीर साबांची बोली आधी नोंदवून लिलाव सुरू झाला. चिक्कतायम्मांचा ढीग पाचशे सव्वीसला दुसऱ्याच व्यापाऱ्याने उचलला.

"बोणी माझी आणि माल त्याचा!" नझीर साब ओरडले.

"साब, तुमचा शब्द मोठा," चिक्कतायम्मा पदराने हात पुसत म्हणाल्या, "पण त्याचा आकडा मोठा."

मी शिडी आवरीत असता पुट्टस्वामी जवळ आले. "बघ, मी सकाळपासून सांगत होतो. तारच होती."

मॅडमनी तो कागद नव्या यंत्रावर लावला आणि देवीचे चित्र मी त्याच्या शेजारी, चार बोटे अंतर सोडून, लावले.

हे लेखन धीराने वाचल्याबद्दल आपणा सर्वांचा ऋणी,
परसराम लिंबाजी खटावकर