नारव्हालच्या पोटातला गळ

मी एक गळ. वाकडा, पोलादी, मासे धरणारा. बर्फाळ उत्तरेतल्या उलोरियाक नावाच्या कोळ्याच्या लांब दोरीवर माझ्यासारखे कितीतरी होते. प्रत्येकाच्या मानेला त्यानं लाल धाग्याची गाठ मारलेली. तशी गाठ गावात दुसरं कुणी मारत नाही.

त्या दिवशी आम्ही फियोर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खोल खाडीच्या तळाशी होतो. काळोख दाट, पण मला सवयीचा. टोकाला भला मोठा हॅलिबट अडकलेला. एवढ्यात टकटक आवाज आला, दार ठोठावल्यासारखा. जवळ, आणखी जवळ. आणि अहो, काय सांगू! नारव्हाल आला, तो सुळेवाला देवमासा, तोही उताणा! पोट वर, लांबलचक सुळा खाली. म्हटलं, आता भोसकतो. कसलं काय! तोंड उघडलं, आत एक दात नाही, आणि सुर्रकन अख्खा मासा ओढून घेतला. माशाबरोबर मीही! दोरी तुटली. मी देवमाशाच्या पोटात! अजून आठवलं की हबकतो.

वर काय झालं ते नंतर कानावर आलं. मासे गायब, गळ गायब, दोरी सुरीनं कापल्यासारखी. आणि शेजारीच उलोरियाकच्या दाजींची, पिटाराकची दोरी. झालं! उलोरियाकनं भर धक्क्यावर तोंड सोडलं.

"दाजी, मागितले असते तर दिले असते. चोरलेत कशाला?"

"मी? अरे, नारव्हालनं खाल्ले असतील."

"त्याला दात नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे! जिभेनं सोडवले काय?"

लोक खो खो हसले. चोराबरोबर शिकारीला कोण जाणार? पिटाराकनं बर्फगाडी ओढणारी कुत्री विकली. समुद्र गोठायच्या आधीच्या शेवटच्या बोटीनं बायकोला घेऊन कायमचं दक्षिणेला जायचं ठरवलं.

बोट सुटायच्या दिवशीच उलोरियाकला नारव्हाल मिळाला. तो किनाऱ्यावर कापत होता. बहीण पार्नाक निरोप घ्यायला आली.

"ताई, तू तरी राहा ना."

"माझ्या नवऱ्याला चोर म्हणालास. आता कुठल्या तोंडानं सांगतोस?"

त्यानं खाली मान घालून पोट चिरलं. हॅलिबट निघाले, जिरत आलेले, पण न चावता गिळलेले. आणि एकाच्या तोंडात मी, लाल गाठीसकट!

उलोरियाकनं मला उचललं. "ताई... ही माझी गाठ."

"माझ्याकडे काय बघतोस? पळ!"

बोटीचा भोंगा वाजला. मला मुठीत आवळून तो धावत सुटला. माझं टोक त्याच्या तळहातात रुतलं, त्याला पत्ताच नाही. पिटाराकचा एक पाय बोटीच्या फळीवर होता. उलोरियाकनं रक्ताळलेली मूठ उघडली.

"दाजी, हा... पोटात..."

पिटाराकनं मला निरखून पाहिलं. "काय रे, जिभेनं सोडवला वाटतं?"

उलोरियाक ढसाढसा रडला, त्याच धक्क्यावर, त्याच लोकांसमोर. या वेळी कुणी हसलं नाही. पिटाराकनं पाय मागे घेतला. बोटीतून सामान गेलं, माणूस राहिला.

उलोरियाकनं आपली निम्मी कुत्री दाजींच्या दारात आणून बांधली. मी आता त्याच दाराच्या खिळ्याला लटकलोय, गंजत. एकच मागणं आहे: मला घासून चकचकीत करू नका. उलोरियाक जेवायला येतो, आत शिरताना माझ्याकडे बघतो, आणि मगच दाजींशी बोलतो.