भरमूचं पान

भरमू गेला हे निम्म्या गावाला कळायच्या आधी वसुलीवाल्याला कळलं. कावीळ झाली म्हणून त्याला निपाणीच्या दवाखान्यात नेलं होतं, तिथंच तो गेला, आणि त्याचा मोबाइल आईकडे, मालुबाईकडे आला होता. तो वाजला तेव्हा म्हातारी भिंतीला टेकून रडत होती. तिनं तसाच उचलला. "कोण रं बाबा? माझा भरमू गेला रं!" पलीकडचा अगदी गहिवरून म्हणाला, "अरेरे मावशी, लई वाईट झालं. रक्षाविसर्जन कवा हाय?" म्हातारीला वाटलं, पोराचा कोणी मैतर असेल. तिनं दिवस सांगितला, वेळ सांगितली, आणि वर "ये रं बाबा" असंही म्हणाली.

आणि तो आला की! पांढरा शर्ट, पांढरी टोपी, चेहरा पाडलेला. साईराज त्याचं नाव. लग्नात आणि मयतात कोण कुणाचा हे कोणी विचारत नाही. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात म्हणतात, पण ते असे टोपी घालून येतील, हे कोगनोळीत कुणाच्या डोक्यात येणार?

भरमूनं हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान घातलं होतं आणि त्यासाठी एका फायनान्स कंपनीकडून सव्वा लाख उचलले होते. पुढं रस्ता रुंद करायचं काम निघालं, दुकान उठलं, हप्ते थांबले. कंपनीनं प्रकरण वसुलीच्या एजन्सीकडे सोपवलं आणि मग फोन सुरू झाले. सकाळी उजाडायच्या आत फोन, जेवताना फोन, दवाखान्यात सलाइन लावलेलं असताना फोन. थोरला भाऊ परशराम कागलच्या फाउंड्रीत कामाला. त्याला कर्जाचं माहीत होतं, फोनांचं नव्हतं. भरमूनं कधी सांगितलंच नाही.

दूधगंगेच्या काठावर रक्षा भरली आणि पान मांडलं. भात, आमटी, त्याला आवडायची म्हणून कांदाभजी, कागदी कपात चहा, आणि बाजूला गुटख्याची पुडी. पुडी नको, असं एकजण म्हणाला, तर दुसरा म्हणाला, "आता काय त्याला कॅन्सर हुतोय?" त्यावर चार लोक हसलेसुद्धा. मग सगळे मागं सरून चिंचेखाली जाऊन बसले आणि कावळ्याची वाट बघू लागले. शूटिंग घ्यायला एकजण तेवढा पलीकडच्या चढावर उभा राहिला.

कावळे होते. झाडावर होते, काठावर होते. पण पानाजवळ येत आणि उडून जात. अर्धा तास गेला. लोक चुळबुळायला लागले. परशराम पुढं होऊन हात जोडून म्हणाला, "भरमू, आईची काळजी करू नको. मी हाय." कावळा आला आणि फिरला. "तुझी गाडी इकत न्हाय बघ." नाही. चुलत्यानं म्हटलं, मावशीनं म्हटलं, एकानं तर पोलाच्या वायरीवरच्या कावळ्याला दम भरला. काही नाही. भाऊ कशात तरी अडकला आहे, जाता येईना झालंय, आणि आपल्याला ते ओळखता येत नाही. थोरल्या भावाला याच्यासारखी दुसरी लाज नसते.

तेवढ्यात चढावरून कोणीतरी हळूच म्हणालं, "डोक्यावर कर्ज हुतं म्हणं त्याच्या. त्याचं बोला की."

कोण बोललं हे परशरामनं मान वर करूनही पाहिलं नाही. त्याचा बांधच फुटला. "भरमू!" तो ओरडला, "तुझं कर्ज मी फेडतो! पै न् पै फेडतो! जा रं आता!"

आणि कावळा आला. सरळ पानावर उतरला, भजी उचलली. सगळ्यांनी हात जोडले. परशराम वाळूत बसून ढसाढसा रडला. घरी आल्यावर मालुबाईला सांगितलं तेव्हा ती तीन दिवसांत पहिल्यांदा घोटभर चहा प्याली, आणि त्या रात्री झोपली. साईराजनं आमटी-भाताच्या पंक्तीला बसून मालुबाईकडून दोनदा भात मागून घेतला. जाताना 'मी साईराज, भरमूचा मैतर' म्हणत तिच्या पाया पडला.

आठवड्यानं परशराम भट्टीपाशी उभा असताना फोनवर व्हिडिओ आला. त्यात पान होतं, कावळे होते, मागं तो स्वतः हात जोडून ओरडत होता. खाली व्हॉइस मेसेज होता. "अण्णा, मी साईराज, एजन्सीतनं. आमच्यात ह्याला पीटीपी म्हणतात, प्रॉमिस टू पे. रेकॉर्डला घेतलंय. व्याजासकट एक लाख ऐंशी होतंय, तुमच्यासाठी नव्वदात सेटल करतो. मेलेल्या भावाला दिलेला शब्द हाय अण्णा, बघा." दुपारी सुपरवायझरनं हाक मारली. त्यालाही तोच व्हिडिओ आला होता. तो म्हणाला, "परशराम, घरचं घरात मिटवा की. हितं कशाला?"

परशरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःचं तोंड रडताना बघायची शिक्षा कुणाला होऊ नये. त्यानं तो व्हिडिओ पुरता बघितलाही नाही.

नव्वद हजार त्याच्याकडे होते. भिशीचे होते, आणि ते मुलीचे, सौम्याचे होते. तिला बेळगावात नर्सिंगला जागा मिळाली होती आणि महिनाअखेरीला फी भरायची होती. त्यानं आईला विचारलं. मालुबाईनं एका शब्दात निकाल लावला. "फेड."

"आई, पोरीची जागा जाईल."

"जाईल तर जाईल. त्यानं शब्द घेतला तवा त्यो सुटला. आता तू जीभ फिरवलीस तर माझं लेकरू परत फिरंल. मला चालायचं न्हाय."

सौम्या चुलीपाशी बसून हे ऐकत होती. ती उठून बाहेर गेली. परशरामला तिच्या मागं जायचं धाडस झालं नाही.

सुपरवायझरनंच शेवटी निपाणीच्या एका वकीलबाईंचा पत्ता दिला. पद्मजा वकील. कोर्टाच्या समोर, झेरॉक्सच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भरमूच्या नावावर काय आहे? जमीन? घर? बँकेत काही?"

"जुनी मोटरसायकल हाय. दुसरं काय न्हाय."

"तुम्ही जामीन होता? कुठं सही केलीय?"

"न्हाय."

"मग तुमच्या खिशाला हात लावायचा अधिकार त्यांना नाही. गेलेल्या माणसाचं कर्ज त्यानं मागं ठेवलेल्यातून वसूल करायचं असतं, भावाच्या भिशीतून नाही. आणि घरात मयत झालेलं असताना दारात जायचं नसतं, अवेळी फोन करायचे नसतात, तिसऱ्या माणसाला कर्जाचं सांगायचं नसतं. रिझर्व्ह बँकेनं हे नियमच घालून दिलेत. ह्यानं तर तुमच्या सुपरवायझरला व्हिडिओ पाठवलाय!"

"पर मॅडम, मी सगळ्यांसमोर फेडतो म्हणलंय."

"कुणाला म्हणालात?"

"भरमूला."

"मग तो तुमचा आणि भरमूचा मामला. कंपनी मधे कुठून आली?"

तिढा तिथंच होता. कंपनीपासून कायदा त्याला सोडवत होता, भरमूपासून कोण सोडवणार?

"बघू तो व्हिडिओ," म्हणून वकीलबाईंनी तो कॉम्प्युटरवर लावला आणि आवाज मोठा केला.

मोठ्या पडद्यावर परशरामनं पहिल्यांदाच स्वतःचं तोंड सोडून दुसरीकडे पाहिलं. पानावर सावली पडली होती. माणसाची. डोकं, खांदा आणि फोन धरलेल्या हाताचा कोपर. सकाळचं ऊन पाठीवर घेऊन हा बाबा चढावर, पानापासून दहा-बारा हातांवर उभा होता. कावळा खाली उतरला, उड्या मारत पानापाशी आला. आणि अगदी जवळून, फोनला तोंड लावल्यासारखा आवाज आला.

"हुश्श."

कावळा उडाला. परत आला. परत "हुश्श."

"हा आवाज कसला?" वकीलबाईंनी विचारलं.

पडद्यावर चुलता बोलत होता, मावशी बोलत होती, आणि दर वेळी तो बारीक, सवयीचा आवाज येत होता. दाणे टिपायला आलेल्या कोंबडीला हाकलावं तसा. मग तीच जीभ किंचित मोठ्यानं म्हणाली, "डोक्यावर कर्ज हुतं म्हणं त्याच्या. त्याचं बोला की." मग परशरामचं ओरडणं. ते संपलं आणि सावली पानावरून निवांत बाजूला सरकली. लगेच कावळा आला.

परशराम उठून जिन्याखाली गेला आणि गटाराशी ओकला. पोटात काही नव्हतं तरी ओकत राहिला. या माणसानं त्याच्या घरी जेवण केलं होतं. आमटी कशी झाली आहे हेही सांगितलं होतं. आईच्या पायांना हात लावला होता, तोच हात. झेरॉक्सवाल्यानं पाण्याची बाटली आणून दिली.

तो वर आला तेव्हा वकीलबाई तक्रार लिहायला बसल्या होत्या. एक प्रत कंपनीला, एक पोलिसांना, कंपनीनं दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. "भरमूचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणजे वारस आई. त्यांची सही लागेल, आणि व्हिडिओ जोडावा लागेल. त्यांना दाखवून, समजावून सही घ्या."

सगळा रस्ता परशराम याच विचारात होता. आईची झोप त्या कावळ्यावर उभी होती. व्हिडिओ दाखवला तर झोप गेली, नाही दाखवला तर पोरीची फी गेली. त्या हलकटानं दोन्हीकडून धरलं होतं. घरी येऊन तो नुसताच कागद आणि शाईचं पॅड घेऊन बसला.

मालुबाईनं कागदाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. "काय लपवाय लागलाईस?"

"काय न्हाय."

"दाव."

त्यानं फोन तिच्या हातात दिला आणि दाराकडे तोंड करून उभा राहिला. मागून सगळे आवाज ऐकू येत होते. नदी, चुलता, हुश्श, मावशी, हुश्श. शेवटी त्याचं स्वतःचं ओरडणं. मग शांत. म्हातारी आता छाती बडवून घेईल, आपलं लेकरू सुटलं नाही म्हणेल, असं वाटून तो वळला.

मालुबाई रडत नव्हती. तिनं व्हिडिओ परत पहिल्यापासून लावायला सांगितला. पहिल्याच कावळ्याला तिनं काचेवर बोट ठेवलं.

"म्हंजे त्यो पयल्यांदाच आलता."

"व्हय."

"त्याला कर्जाचं काय न्हवतंच."

"न्हवतं, आई."

तिनं शाईचं पॅड ओढलं, अंगठा उमटवला, आणि कुणी सांगायच्या आत दुसऱ्या प्रतीवरही उमटवला. "सौम्याचं पैसं उद्याच भर जा. आन मला ने निपाणीला, पोलिसांस्नी मी सांगते." मग तिचा आवाज फुटला. "तीन दीस माझ्या लेकराच्या पोटात काय न्हवतं रं. भुकेनं त्यो पानावर येत हुता, आन ह्यो मुडदा त्याला हाकलत हुता. आन मी, परशा, मी ह्याच मुडद्याला दोनदा भात वाढला."