न दिसणारी ओळ

गाठबाईला कच्चं काम खपत नसे. कार्यशाळेत कुणी वेताची टोपली विणून पुढे केली की ती काठावरून एकदा अंगठा फिरवायची आणि चुकलेल्या जागी थांबायची. "ही गाठ आहे का गळू?" एवढं विचारलं की समोरच्याने मुकाट्याने टोपली उसवायला घ्यायची. तीस वर्षांत तिने शिकवलेली माणसं तिला मनात शिव्या देत शिकली आणि पुढे तिचंच नाव सांगून पोट भरू लागली. जन्मापासून डोळे नाहीत, पण बोटं अशी की डोळसांनी लाजावं.

संस्था आंधळ्यांची. टोपल्या, ब्रश, खुर्च्यांच्या वेताच्या बैठका, सगळं तिथे बनायचं आणि फाटकाजवळच्या दुकानात धूळ खात पडायचं. जुने देणगीदार एकेक करून गळाले. वर्षअखेरपर्यंत विक्री वाढली नाही तर कार्यशाळेला कुलूप, असं सचिवबाईंनी सगळ्यांना बसवून सांगितलं. मग त्यांच्या जावयाने ऑनलाइन दुकान काढून दिलं, तेही फुकट. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण हा ग्रह प्रसन्न झाला होता. पहिल्याच महिन्यात इतक्या ऑर्डरी आल्या की पॅकिंगचे खोके संपले. लोक पत्रं लिहायला लागले, दोन शाळांनी भेटीला येतो म्हणून कळवलं. गाठबाईनेही जावयाला तोंडभरून दुवा दिला, हे कबूल केलं पाहिजे.

दुकान काढून पाचवा महिना चालू होता. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिला वाटलं, आपली टोपली दुकानात कशी दिसते ते ऐकावं तरी. तिचा फोन बोलणारा. फोटोवर बोट ठेवलं की त्याला जोडलेली एक ओळ तो वाचून दाखवतो. ही ओळ डोळसांना पानावर दिसत नाही, ती आंधळ्यांसाठीच असते. हे जावयाच्या गावीही नव्हतं. ती जागा रिकामी सोडली की पान पुढे सरकेना, म्हणून पठ्ठ्याने तिथे स्वतःपुरती टिपणं लिहून टाकली होती.

फोन आपल्या सपाट आवाजात म्हणाला, "केविलवाणी आंधळी बाई. केस विस्कटलेले, हातात वाकडी टोपली. हाच ठेवणे. याने लोक विरघळतात."

गाठबाईने परत ऐकलं. तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोचा दिवस तिला पक्का आठवत होता. ती वेणी घालून, इस्त्रीचे कपडे घालून आली होती. जावई म्हणाला होता, "मावशी, केस जरा मोकळे सोडा, छान दिसतील." मग त्याने तिच्या हातातली टोपली काढून घेतली आणि दुसरीच दिली. तिने काठ चाचपून सांगितलं होतं, "ही माझी नाही. नव्या मुलीची आहे, वाकडी झालीय." त्यावर तो म्हणाला, "फोटोत कळत नाही हो!" तिने विश्वास ठेवला. दिसण्याच्या बाबतीत डोळसाचा शब्द मानायचा नाही तर आंधळ्याने दुसरं काय करायचं? आणि त्याने त्या विश्वासाचाच धंदा केला. तीस वर्षं तिने एक वाकडा काठ दाराबाहेर जाऊ दिला नव्हता, आणि आता सगळ्या जगाने तिचा म्हणून तोच पाहिला होता.

ती तशीच ऑफिसात गेली. सासू-जावई दोघंही होते. तिने फोन टेबलावर ठेवून ओळ ऐकवली.

"ते... ते कुणाला दिसत नाही, मावशी," जावई चाचरला.

"दिसत नाही, जावईबापू, ऐकू येतं. ज्यांच्याबद्दल लिहिलंत नेमकं त्यांनाच."

"अहो, तुमच्यासाठीच केलं ना सगळं? टोपल्या काय, ढिगाने मिळतात. लोक त्यामागची गोष्ट विकत घेतात."

"मग खरी गोष्ट सांगा. आणि माझ्या हातात माझी टोपली द्या."

सचिवबाई मध्ये पडल्या. "अगं, फोटो बदलला आणि ऑर्डरी बसल्या तर? तीस माणसं घरी जातील. थोडा कानाडोळा कर."

"कानाडोळा करायला डोळा लागतो, बाई. माझ्याकडे नुसता कान आहे."

"बरं, मग सगळ्यांना विचार," बाई म्हणाल्या. "ते म्हणतील तसं करू." लोक काय म्हणतील याची त्यांना खात्री होती.

खात्री चुकीची नव्हती. गाठबाईने कार्यशाळेत जाऊन सगळं सांगितलं. ब्रश बनवणारे काका, कार्यशाळेतले सगळ्यात जुने, लगेच म्हणाले, "आपलं थोबाड आपल्याला कुठं दिसतंय? आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे तर पीठ आपल्याच डब्यात येतंय. येऊ दे की!" सगळे हसले.

गाठबाईने वाद घातला नाही. तिने फोन सूचनांच्या लाउडस्पीकरला जोडला आणि एकेका फोटोवर बोट ठेवत गेली.

"खुर्ची विणणारा. पांढरे डोळे छान आले आहेत."

"नवी मुलगी. आणखी गरीब दिसायला हवी."

हसू थांबलं. वेताचा आवाजही थांबला.

"ब्रशवाला म्हातारा. हसतो आहे, चालणार नाही. तात्पुरता. उदास फोटो काढणे."

"परत लाव," काका म्हणाले.

तिने परत लावलं.

"मी हसलेला चालत नाही?" काकांनी विचारलं. जावई दारातच उभा होता, त्याच्या बुटांची चुळबूळ सगळ्यांना ऐकू येत होती. "इकडे या जावईबापू, असे लांब नका उभे राहू. बायको गेली, पोरगा विचारत नाही, तरी मी हसतो. ते तुमच्या दुकानाला चालत नाही?" हातातला ब्रश काकांनी जमिनीवर आपटला. "बदल गं सगळं. आजच्या आज बदल!"

त्याच दुपारी नवे फोटो निघाले. गाठबाई वेणी घालून, आपली टोपली घेऊन बसली. मग जावयाच्या शेजारी खुर्ची ओढून तिने प्रत्येक ओळ स्वतः सांगितली आणि त्याने मान खाली घालून लिहिली. "वेत विणणारी कारागीर. तीस वर्षांचं काम. टोपली तिचीच, काठ तीनपदरी."

सचिवबाईंची भीती खोटी नव्हती. आठवड्याभरात ऑर्डरी निम्म्यावर आल्या. कार्यशाळेत बोलणं कमी झालं. गाठबाईला कुणी दोष दिला नाही, पण तिला झोप लागेना.

मग एका सकाळी गाठबाई ऑफिसात असताना फोन आला, तो सचिवबाईंनी उचलला. पलीकडे कुणी बाई होत्या. "तुमच्या दुकानात आधी एका बिचारीचा फोटो होता ना? तिच्या दहा टोपल्या घ्यायच्या होत्या. ती दिसत नाही आता."

सचिवबाईंनी दहा हा आकडा मोठ्याने म्हटला आणि फोन गाठबाईच्या हातात दिला. "सांभाळून बोल," त्या पुटपुटल्या.

"ती बाई इथे कधीच कामाला नव्हती," गाठबाई म्हणाली. "टोपल्या मी विणते."

पलीकडच्या बाई गोंधळल्या. त्यांनी विचारलं, "मग... चांगल्या असतात का तुमच्या टोपल्या?"

गाठबाईने फोन घट्ट धरला. "दुकान काढून पाच महिने झाले, ताई," ती म्हणाली. "हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."