मर्विनची साक्ष

वेल्समधल्या आडगावातलं डेलिथचं दुकान दारूच्या परवान्याशिवाय काही तगणार नव्हतं. पण ते होतं पेट्रोल पंपावर, आणि पंपाला असा परवाना देत नाहीत. तो हवाच असेल तर गिऱ्हाईक पेट्रोलपेक्षा दुकानासाठीच जास्त येतं, हे पटवावं लागतं. सुनावणीत गावचा पबवाला मर्विन आडवा आला.

“दुकान कसलं? पंप आहे तो, पंप!”

“तुम्ही पेट्रोल तिथंच भरता?” अध्यक्षीणबाईंनी विचारलं.

“माझ्याकडं गाडी कुठंय?”

“मग जाता कशाला?”

“पाव, दूध, बटाटे! अख्खं गाव त्यासाठीच जातं की!”

सगळे खो खो हसले. परवाना तिथल्या तिथं मंजूर झाला.

संध्याकाळी मर्विन तोंड फुगवून पाव न्यायला आला. डेलिथनं पिशवीत केकचा तुकडाही टाकला.

“घे, बाबा. वकीलसुद्धा इतकं चांगलं बोलला नसता.”