पेटारा आणि मेहुणा

दाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. मेहुणा हाक मारायचा म्हणून गिऱ्हाइकं दाजी म्हणू लागली, मग समोरचा शिंपी, मग अख्खी गल्ली. आणि मेहुणा म्हणजे बारक्या. भावंडांत शेवटचा म्हणून बारक्या. आता दाराच्या चौकटीला डोकं आपटतं त्याचं, तरी बारक्याच.

दुकान पितळी ठशांचं. पुस्तकं बांधणाऱ्यांना, पाकिटं-पट्टे करणाऱ्यांना चामड्यावर नाव किंवा नक्षी उठवायला जे ठसे लागतात ते इथे कोरून मिळायचे. कोरायचं यंत्र ठणठणीत होतं, पण त्याला हुकूम सोडणारा कॉम्प्युटर जुना. वर्कस्टेशन म्हणायचे त्याला, एके काळी कारखान्यांतून नकाशे काढायला असायचा तसला. उचलायला दोन माणसं लागतील असा लोखंडी पेटारा. यंत्राला जोडणारं कार्ड फक्त त्याच्याच पोटात बसायचं, नव्या कॉम्प्युटरांना तसली खाचच नसते. म्हणजे पेटारा बसला की यंत्र बसलं, आणि यंत्र बसलं की दाजीही घरी बसले.

पेटाऱ्यातली मूळची सिस्टिम फारच जुनी झाली आणि तिच्या कंपनीने हात वर केले, तेव्हा बारक्याने त्यावर लिनक्स ही फुकटची सिस्टिम चढवली. चढवली म्हणजे काय, घाम गाळला पोराने! कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, यंत्राच्या सगळ्या भागांशी बोलणारा. नवं कर्नल जुन्या ग्राफिक्स कार्डाला ओळखच दाखवेना. स्क्रीन काळाठिक्कर. मग बारक्याने जुनं कर्नल शोधून आणलं, ते कार्डाशी बोललं पण कोरायच्या यंत्राशी फुरंगटून बसलं. दोघांची समजूत घालत घालत शेवटी एकदाचं चित्र उमटलं, तेव्हा बारक्या असा काही ओरडला की शिंप्याने सुई बोटात टोचून घेतली.

त्याच आनंदात दाजी बोलून गेले, "बारक्या, आता दुकानावर नवी पाटी. तुझं नि माझं, दोघांची नावं. आपणच कोरायची."

घरी बायकोला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. आई-वडलांमागे तिनेच वाढवलं होतं ना त्याला! दाजींनी पितळेचा पत्रा आणला, कापला, घासून लख्ख केला. आणि कोरायला घ्यायच्या आतच पेटारा अडला.

आदल्या रात्री गल्लीतली वीज गेली होती. सकाळी बटण दाबलं तर स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांची ही मोठी रांग आणि खाली कर्नल पॅनिक, म्हणजे गाभ्यानेच हात टेकलेले. सिस्टिम ज्या डिस्कवर आहे ती डिस्कच सापडत नाही, असं त्याचं म्हणणं. दाजींच्या तोंडचं पाणी पळालं. बारक्याने पेटाऱ्याच्या अगदी सुरुवातीच्या सेटिंगांत शिरून काहीतरी बदललं, आणि चहा निवायच्या आत पेटारा सुरू.

"सेटिंग विसरला हो तो. आतल्या मुख्य बोर्डावर एक बटणाएवढी बॅटरी असते, वीज गेली तर तिच्यावर लक्षात ठेवतो सगळं. ती संपलेली दिसतेय. बदलून टाका दाजी, येताना मी आणू का?"

"मी बदलतो की! त्यात काय एवढं."

आता दाजींचा स्वभाव सांगायलाच हवा. वापरलेला खिळा सरळ करून ठेवणारा माणूस. नवी बॅटरी कशाला, म्हणून त्यांनी माळ्यावरचा मेलेला कॉम्प्युटर उघडला, त्यातली चकचकीत बॅटरी काढली आणि पेटाऱ्यात बसवली. एक काढली, दुसरी घातली. झाली की बदलून! बारक्याने विचारलं तेव्हा छाती काढून म्हणाले, "बदलली."

"मग काळजी मिटली," बारक्या म्हणाला. "आणि दाजी, आणखी एक गंमत केलीय. आता मला इंटरनेटवरून घरी बसूनसुद्धा पेटाऱ्याच्या आत शिरता येतं. रात्री-अपरात्री काही लागलं तर इथे यायची गरज नाही."

झालं! दाजींच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. घरी बसून आत शिरता येतं? म्हणजे दुकानाला कुलूप कशाला लावायचं मग? आणि चहा निवायच्या आत दुरुस्त कसं होतं? ज्याला दुखणं इतकं चटकन सापडतं, त्यानेच ते ठेवलं नसेल कशावरून?

त्या संध्याकाळी बारक्या निघून गेल्यावर दाजींनी दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. आजवर या दुकानात तो कधी कोणी बंद केला नव्हता. शीर म्हणावं आता घरबसल्या! सकाळी बारक्याच्या आधी येऊन त्यांनी मेन वर केला, पेटाऱ्याचं बटण दाबलं. पांढरी अक्षरं. कर्नल पॅनिक.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी शहाण्यासारखा चालणारा पेटारा सकाळी आंधळा होऊन बसलेला. बारक्या यायचा, बाह्या सरसावायचा आणि त्याला जागं करायचा. तो कर्नल बदलून बघायचा, डिस्क तपासायचा, तारा काढून पुन्हा खोचायचा. दाजी मागे उभे राहून त्याच्या बोटांकडे बघत. पूर्वी पडद्याकडे बघायचे, आता बोटांकडे.

"पेटाऱ्याचं घड्याळ बघा दाजी," बारक्या एकदा म्हणाला. "रोज सकाळी कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. हे सगळं लक्षण बॅटरीचंच आहे. पण बॅटरी तर नवी टाकलीत तुम्ही."

"टाकली ना!"

"मग बोर्डच गेला. दुसरं काही नाही. नवं काहीतरी बघावं लागणार, दाजी."

नवं काहीतरी! आता दाजींना सगळं लख्ख दिसलं. आधी पेटारा बिघडवायचा, मग नवं गळ्यात मारायचं, आणि नव्या यंत्रातलं दाजींना काय कळतंय? मग दुकान कोणाचं? पाटीवर नाव लागायच्या आधीच साहेबांनी खुर्ची धरली म्हणायची. दाजींनी घासलेला पत्रा कपाटामागे सरकवून ठेवला.

तेवढ्यावर थांबले नाहीत. शिंप्याकडून काळा दोरा मागून आणला आणि संध्याकाळी पेटाऱ्याच्या झाकणावर आडवा चिकटवला. कोणी उघडलं की तुटलाच पाहिजे. सकाळी दोरा जसाच्या तसा, आणि पेटारा मात्र पॅनिक. दाजींना वाटलं, आहे, पठ्ठ्या भारी आहे. दिवसाच काहीतरी पेरून जातो आणि रात्री ते उगवतं.

घरी बायको म्हणाली, "अहो, बारक्या म्हणत होता, तुम्ही त्याच्याशी बोलत नाही हल्ली."

"तुझ्या भावाचं काही सांगू नकोस मला. कुठेतरी पाणी मुरतंय."

"कसलं पाणी? पोर जेवताना पण त्या पेटाऱ्याचंच बोलतं."

"तेच म्हणतोय मी!"

मग एके दुपारी मागच्या अंगणात बारक्या फोनवर बोलत होता. दाजी ठसे पॉलिश करायच्या निमित्ताने खिडकीपाशी सरकले. "हो, मशीन काही आता टिकत नाही... मिळालं की लगेच आणा... दाजींना आत्ता काही बोलू नका," एवढं कानावर पडलं, आणि दाजींच्या अंगाची लाही लाही झाली.

"कोणाशी बोलत होतास?"

"कुठे? असंच. एका माणसाशी."

"असंच? माझ्या दुकानात माझ्यापासून लपवून असंच?"

"दाजी, आवाज कशाला चढवताय?"

"पेटारा रोज सकाळीच कसा मरतो रे? संध्याकाळी तू जातोस तेव्हा जिवंत असतो! मी काय दूधखुळा आहे? घरून आत शिरता येतं म्हणालास ना? कशाला शिरतोस? मला भिकेला लावायला?"

बारक्याला आधी अर्थच लागेना, आणि लागला तेव्हा चेहरा उतरला त्याचा. लहानपणी याच दाजींच्या खांद्यावर बसून फिरलेला तो. त्याने खिशातली दुकानाची किल्ली काढली, टेबलावर ठेवली, आणि दाराच्या चौकटीला डोकं न आपटता, वाकून निघून गेला.

दाजींचं डोकं इतकं भणभणत होतं की त्यांनी कसंबसं कुलूप घातलं आणि तडक घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटाऱ्याचं बटण दाबलं. एक बीप, दोन ओळी, आणि समोर नेहमीचं चित्र. पेटारा पहिल्या हाकेला उठला! दाजी खुर्चीतच मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघा!" ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून समोर जाऊन शिंप्याला सांगितलं. दुपारी फोन करून बायकोला सांगितलं, "तुझा भाऊ गेला आणि मशीन सुधारलं. आणखी काय पुरावा पाहिजे?"

पलीकडून ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटलं ना? झालं तर मग," आणि फोन ठेवला.

दिवसभर दाजींनी ठसे कोरले. हात छान चालत होता. पण समोरच्या स्टुलावर कोणी नव्हतं, आणि चहा दोन कप आला तो एक परत पाठवावा लागला. संध्याकाळी निघताना त्यांनी मेन स्विच खाली ओढला. आता तर चिडलेला असेल तो, घरून काय वाट्टेल ते करेल!

आणि सकाळी पांढरी अक्षरं. कर्नल पॅनिक.

दाजींनी आधी कुलूप बघितलं. धड. मग दोरा. धड. बारक्याची किल्ली खुंटीवर लटकलेली. काल दिवसभर तो दुकानाकडे फिरकलाही नव्हता. बारक्या नाही, तर कोण?

तेवढ्यात दारात भंगारवाला उभा. हातात कागदात गुंडाळलेला एक बोर्ड.

"बारक्या कुठाय? त्याने या पेटाऱ्याच्या जोडीचा बोर्ड शोधायला सांगितला होता. हाच हवा म्हणून डोकं खाल्लं माझं! म्हणाला, दाजींचं कार्ड याच्यातच बसतं. मिळेपर्यंत त्यांना काही बोलू नका, उगाच आस लागून राहील."

दाजींनी बोर्ड घेतला. बसा म्हणायचंही त्यांना सुचलं नाही. भंगारवाला गेल्यावर तो बोर्ड मांडीवर घेऊन ते आठवू लागले. काल उठला आणि आज नाही उठला. काल आणि आज यांत फरक काय? काल सकाळी आपण दुकान उघडलं, आणि सरळ पेटाऱ्याकडे गेलो. मेन वर करायला हात नेलाच नव्हता. कारण परवा भांडणाच्या तिरमिरीत तो खाली ओढायचाच राहिला होता.

त्यांनी स्वतःच चिकटवलेला दोरा तोडला, झाकण काढलं. माळ्यावरची ती चकचकीत बॅटरी बाहेर काढून बोटांत उलटसुलट फिरवली. तेव्हा चेहरा बघायला हवा होता त्यांचा. मग फोन लावला. बारक्याने उचलला, हेच नशीब.

"बोला दाजी." मागून कुठल्यातरी कारखान्याची घरघर येत होती. दुसरीकडे कामाला लागलासुद्धा तो.

"पेटारा परत अडलाय."

"सेटिंगमध्ये जा, सांगतो," बारक्या म्हणाला, आणि मग थांबला. "दाजी, बॅटरी नक्की नवीच होती ना?"

"माळ्यावरच्या मेलेल्या कॉम्प्युटरातली होती."

"बरं. पण वीज चालू असताना ती संपलेली असली तरी चालतं. रोज रात्री वीज जायची का आपल्याकडे?"

"मेन बंद करायचो मी."

"का?"

वीज वाचवायला, असं म्हणता आलं असतं. जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण दाजींनी ते गिळलं.

"तू घरून आत शिरशील म्हणून."

मागची घरघर कमी झाली, बारक्या फोन घेऊन बाहेर आला असावा.

"घड्याळ मागे गेलं तेव्हाच मला बॅटरीची शंका आली होती," बारक्या अगदी हळू म्हणाला. "बॅटरी काढून मोजायचं काम होतं, एका मिनिटात कळलं असतं. पण तुम्ही बदलली म्हणालात. मग म्हटलं, दाजींचं बोलणं काय तपासायचं? म्हणून तेवढं सोडून सगळं तपासलं."

"बारक्या, चुकलो रे मी. ये परत. पाटी आजच कोरतो, दोघांची."

"नवी बॅटरी टाका, पेटारा आणखी खूप वर्षं चालेल. रविवारी येईन, ताईकडे जेवायला. दुकानात नको, दाजी."

"का रे?"

"तिथे आता मीपण प्रत्येक गोष्ट तपासत बसेन."

दाजींनी त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी बॅटरी आणली. पेटारा उठला. मग त्यांनी कपाटामागचा पत्रा काढला, यंत्राला लावला आणि दोघांची नावं कोरली, बारक्याचं आधी. संध्याकाळी बायको दुकानात आली, तिने ती पाटी वाचली, पदराने पुसली आणि दाजींना विचारलं, "लावू या का वर?"

"थांब थोडी," दाजी म्हणाले. "रविवारी विचारू त्याला." मेन तसाच चालू ठेवून त्यांनी कुलूप घातलं, आणि दोघं घरी निघाली.