कीन सेंगचं वजन

पहिल्या वळणापर्यंत पोचता पोचता कीन सेंगला धाप लागली आणि तो रस्त्याकडेच्या कठड्यावर मटकन बसला. शर्ट पाठीला चिकटला होता. खाली मलेशियातल्या तैपिंग गावच्या तळ्यावर धुकं होतं आणि डोंगराचा रस्ता वर झाडीत शिरून दिसेनासा होत होता. मागून झाबेदाबाई चढत आल्या. बाई निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. रोज सकाळी हा डोंगर चढत.

"काय शेठ, कॉफीचं दुकान वर हलवताय की काय?"

"दुकान हलेल हो बाई. आधी मी हलायला हवा."

बाई हसल्या, पण थांबल्या नाहीत. त्यांची पाठ झाडीआड जाईपर्यंत तो पाहत राहिला. मग गुडघ्यांवर हात दाबून उठला. खाली उतरायचं मनात होतं, तरी आधी पुढच्या विजेच्या खांबापर्यंत चढला, खांबाला हात लावला आणि मगच परतला.

त्याआधी काही दिवस मोठ्या इस्पितळात त्याला नकार मिळाला होता. त्याची थोरली बहीण पोह चू हिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. दिवसाआड डायलिसिस करून घेऊन ती तग धरून होती. रक्तगट जुळतो म्हटल्यावर कीन सेंगने आपलं एक मूत्रपिंड द्यायचं ठरवलं आणि दुकानातल्या प्रत्येक टेबलावर ते सांगूनही टाकलं. पण तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचे सगळे रिपोर्ट पाहून कागद हलकेच बाजूला ठेवले. वजन फार, रक्तदाब वाढलेला, साखर अगदी काठावर. अशा शरीरातलं एक मूत्रपिंड काढलं तर उद्या तुम्हीच बहिणीच्या शेजारच्या खाटेवर असाल, असं त्या म्हणाल्या. वजन उतरवा, बाकीचं ताळ्यावर आणा, मग या. तरीसुद्धा वचन देत नाही.

मन बिघडलं की खायचं, ही त्याची लहानपणापासूनची सवय. परतताना त्याने रस्त्यावरच्या गाडीवर कोळंबी घातलेल्या रुंद शेवया मागवल्या. दोन घास खाल्ले. मग हातातल्या काड्या बशीवर आडव्या ठेवल्या आणि उठून आला.

ती सवय पोह चूनेच लावली होती. आई गेली तेव्हा तो शाळेतसुद्धा जात नव्हता आणि ती स्वतः परकर-पोलक्यातून नुकती बाहेर पडली होती. बिनआईचं पोर आता वाळून जाणार, असं मावश्या आणि काकवा तिच्या तोंडावर म्हणाल्या. ते तिच्या जिव्हारी लागलं. शिलाईच्या दुकानात कामाला जाण्याआधी ती त्याला अंडं घातलेली भाताची पेज भरवी, संध्याकाळी येताना भाजलेलं डुकराचं मांस आणी, आणि तो पुरे म्हणाला तरी आणखी एक घास पुढे करी. सणाला नातेवाईक जमले की त्याचे गाल ओढून त्याच बायका गप्प होत. पोह चू मग दिवसभर गुणगुणत काम करी. तिने लग्न केलं नाही. तो मोठा झाला, जाड झाला, आणि त्या जाडीची त्याला कधी लाज वाटली नाही. ती आचीची कमाई होती. थोरल्या बहिणीला तो आची म्हणत असे.

आता तीच उतरवायची होती.

या वेळी त्याने कोणाला काही सांगितलं नाही. एकदा बढाई मारून तोंडघशी पडला होता. फक्त बायकोला, लाय येंगला, ठाऊक होतं. सकाळचं दुकान मी उघडीन, एवढंच ती म्हणाली. पोह चूला त्याने डॉक्टर नाही म्हणाले, इतकंच कळवलं होतं आणि विषय तिथेच संपला असं तिने गृहीत धरलं होतं.

दिवसभर दुसऱ्यांच्या पेल्यात दाट गोड दूध ओतायचं आणि स्वतः कोरी, बिनसाखरेची कॉफी प्यायची, हे पाहून गिऱ्हाईकं त्याची टर उडवत. घरच्या मालावरून मालकाचाच भरवसा उडाला, असं एकजण रोज म्हणे. कीन सेंग हसून घेई. पण संध्याकाळी शेजारच्या गाडीवर लसूण परतल्याचा वास आला की तो उठून मागच्या मोरीवर भांडी घासायला बसे. भांडी स्वच्छ असली तरी.

सुरुवातीला काटा जागचा हललाच नाही. मग थोडा हलला, आणि गुडघा सुजला. डॉक्टरांनी डोंगर बंद करायला सांगितला. त्याने डोंगर सोडला आणि तळ्याभोवती म्हाताऱ्यांच्या चालीने फेऱ्या घालू लागला. सूज उतरल्यावर पुन्हा पहिल्या वळणापासून सुरुवात. चिनी नव्या वर्षाच्या सणात तर त्याने कोठीच्या खोलीत दार लोटून अननसाच्या बिस्किटांचा अख्खा डबा संपवला. सकाळी लाय येंगला आपण होऊनच सांगितलं. सबबी सांगितल्या नाहीत, बूट चढवले आणि निघाला.

पावसाचे दिवस आले, गेले. तैपिंगात पाऊस तसा कधी जातच नाही, त्यामुळे तो ओलाच होऊन चढत असे. दुसरं वळण आलं, मग तिसरं, मग जुन्या चहामळ्याजवळचं सपाट मैदान. एके दिवशी आपण झाबेदाबाईंना मागे टाकून आलो, हे वर पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याला इतकं ओशाळल्यासारखं झालं की बाई येईपर्यंत तो थांबून राहिला.

त्याच्या विजारी आवळून द्यायचं काम पोह चूचंच. ती शिलाईयंत्रावर वाकून कुरकुरत असे.

"एकेक घास भरवून चढवलंय मी हे. कोणाला विचारून उतरवतोस?"

डॉक्टरला, तो म्हणे. ती नाक मुरडून कात्री शोधू लागे. तिचा चेहरा औषधांनी सुजलेला आणि पिवळट दिसे. पाय चपलेत मावत नसत. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तिला जरा बरं वाटे, त्या दिवशी ती शिवणाला बसे.

पुन्हा सगळ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचले आणि त्याला खुर्चीतून उठून उभं राहायला सांगितलं, जणू हा तोच माणूस आहे ना याची खात्री करून घेत होत्या. मग त्या म्हणाल्या की आता बहिणीला घेऊन या, तारीख ठरवू.

तो घरी न जाता थेट पोह चूकडे गेला. ती नुकतीच डायलिसिसहून परतली होती आणि वेताच्या आरामखुर्चीत पडली होती. त्याने स्टूल जवळ ओढलं.

"आची, डॉक्टरीण हो म्हणाली. माझं चालतंय आता."

तिला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती ताठ बसायचा प्रयत्न करू लागली.

"वर्षभर तू यासाठी चढत होतास?"

"हो."

"मला वाटलं, स्वतःसाठी चढतोयस."

तिने त्याला दारातल्या उजेडात उभं राहायला सांगितलं. तो उभा राहिला. ती त्याच्याकडे बराच वेळ पाहत होती, कापड घेताना पाहते तसं, दोन्ही बाजूंनी.

"परवा गाडीतून येताना तळ्यापाशी दिसलास," ती म्हणाली. "पळत होतास. मागे कोणी नाही, पुढे कोणी नाही, पाऊसही नव्हता. उगाच पळत होतास."

"गुडघा कसा आहे, ते बघत होतो."

"हसत होतास तू." ती थोडी थांबली. दमली होती. "लहानपणी तुला कधी पळू दिलं नाही मी. पडशील, घाम येईल, खाल्लेलं जिरून जाईल. बसवून ठेवलं आणि भरवलं. आत्ता कुठे तुझं अंग तुझं झालंय. ते कापून मला नको."

डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं त्याला तोंडपाठ होतं. एकावर माणूस नीट जगतो, पुढेही चालू शकतो, पळूही शकतो. तो ते सगळं सांगू लागला. अर्ध्यातच तिने डोळे मिटले.

"नाही म्हणजे नाही, सेंग."

हा सूर त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. तो आत गेला, पेज गरम केली, मीठ न घालता वाडग्यात ओतली आणि तिच्या हाताशी आणून ठेवली. ती झोपलेली नव्हती, हे त्याला माहीत होतं. वाडग्यावर ताटली झाकून तो निघून आला.

घरी लाय येंगने सगळं ऐकून घेतलं. तिला राग आला की सुटल्यासारखं वाटलं, हे तिच्या तोंडावरून कळेना. तिने त्याच्यापुढे जेवण ठेवलं आणि त्याला हवं असल्यास आणखी घ्यायला सांगितलं. त्याने रोजच्याइतकंच घेतलं.

सकाळी खाट करकरली तशी तिला जाग आली. तो पाठमोरा बसून बुटांच्या नाड्या बांधत होता.

"आज तरी झोप ना," ती म्हणाली. "ती नाही म्हणाली."

"म्हणाली."

"मग आता कशाला?"

त्याने दुसऱ्या पायाची नाडी ओढून घट्ट केली.

"आची हट्टी आहे. हो म्हणायला वेळ लावील," तो म्हणाला. "तोवर मला असंच राहायला हवं."

लाय येंग उठली आणि केस बांधत दुकानाच्या किल्ल्या शोधू लागली.