छातीवरची पिवळी चिठ्ठी

मी एक जुना पांढरा फळा आहे. शनिवार पेठेतल्या एका सरकारी कचेरीत, जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून उभा असतो. तेच बरे आहे.

मित्रांनो, माझेही दिवस होते. शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावांना पाण्याचा टँकर मागवता यावा म्हणून कचेरीने संगणकाची प्रणाली करायला दिली होती. ती बनवणाऱ्या कंपनीच्या रुपालीने मला अर्जांच्या खिडकीशेजारी टांगून माझ्यावर रकाने आखले: करायचे, चालू, झाले. प्रत्येक कामाची एक पिवळी चिकट चिठ्ठी.

"याला अजाइल म्हणतात," ती म्हणाली. "छोटा तुकडा करायचा, पंधरवड्याला दाखवायचा, चुकला तर सुधारायचा. आणि 'झाले'मध्ये चिठ्ठी फक्त मालनबाई लावतील. खिडकीवर त्याच बसतात."

मालनबाई तुकडा वापरून बघत. "अगं, यात वस्तीचं नाव कुठं टाकायचं? टँकर काय वासावर येणार?" पुढच्या पंधरवड्याला नावाची जागा होई. पिवळी चिठ्ठी माझ्या अंगावरून सरके, तेव्हा हळद लागल्यासारखे वाटे.

मग वरचे साहेब पाहणीला यायचे ठरले. त्या दिवशीही एक चिठ्ठी अजून 'चालू'त होती: टँकर रद्द झाल्यास गावाला निरोप जावा.

"करारानुसार काम आज पूर्ण व्हायचंय," कचेरीचे श्रीनिवाससाहेब म्हणाले. "ही एकटी मागे दिसायला नको."

"सर, ते अजून चालत नाहीये," रुपाली म्हणाली.

"साहेब काय चालवून बघणार आहेत? सरकवा."

रुपालीने मालनबाईंकडे पाहिले. मालनबाईंनी खाली पाहिले. चिठ्ठी सरकली. मला झेंडूचा हार घातला, फोटो निघाले.

ऐन उन्हाळ्यात खडकवासल्याकडच्या एका गावातली आनंदी खिडकीशी आली. कडेवर कोरडी कळशी. "बाई, सकाळधरनं बाया उन्हात उभ्या हायत्या. टँकर रद्द झालाय म्हनं. आमाला कोन सांगनार हुतं?"

आनंदीची नजर माझ्यावर गेली. तिने चिठ्ठी वाचली, वरचा रकाना वाचला.

"झालं व्हय," ती हळूच म्हणाली आणि निघून गेली.

माझ्या गळ्यात हार तसाच होता, वाळलेला.

मालनबाई उठल्या. चिठ्ठी काढून त्यांनी 'करायचे'त लावली. ती चिकटेना, म्हणून तळहाताने दाबून उभ्या राहिल्या. रुपालीने शेजारी हात टेकला. "बाई, आजच बसते. होईल तेव्हा तुम्हीच लावा."

पुढे गावांना निरोप जाऊ लागले. मला मात्र, चिठ्ठी मागे गेलेली कुणाला दिसू नये म्हणून, श्रीनिवाससाहेबांनी उतरवले.

मित्रांनो, कशावरही 'झाले' लिहिण्याआधी, ते ज्याच्यासाठी केले त्याला विचारा. माझ्यावरची चिठ्ठी कधीच गळून गेली. 'झाले'खाली तिच्या गोंदाचा डाग राहिला आहे. तो कुणी पुसायला येऊ नये, आणि कुणी बघूही नये, असे मला वाटते.